बाबांचा ४८६ वीस वर्षांनी चालू करायचाय, थेट प्लग लावू का?

फणसगरा
नमस्कार मंडळी. आमच्या चिपळूणच्या घरी माळ्यावर बाबांचा १९९५ सालचा कॉम्प्युटर आहे. ४८६ डीएक्स२, ६६ मेगाहर्ट्झ, ८ एमबी रॅम, ४२० एमबीची हार्डडिस्क, १४ इंची मॉनिटर. २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा खालचं सगळं गेलं, पण हा वर असल्यामुळे वाचला. शेवटचा चालू केला असेल २००४ च्या आसपास. बाबांना तेव्हा जाखडीची (आमच्या कोकणातला लोकनाच) गाणी गोळा करायचा नाद होता, गावोगावच्या शाहिरांकडून लिहून आणायचे आणि रात्री बसून टाईप करायचे. डॉसमध्ये, मराठीत. आत पडद्यावर मराठी दाखवणारं सीडॅकचं जिस्ट कार्ड आहे आणि की-बोर्डवर मराठी अक्षरांचे, इन्स्क्रिप्टचे स्टिकर अजून चिकटलेले आहेत. वह्या पुरात गेल्या, त्यामुळे ती गाणी आता असलीच तर या डब्यातच आहेत.

बाबा (वय ७८) म्हणतात फेकून दे. आई म्हणते टेबल मला दे, कॉम्प्युटरचं काय ते तुम्ही बघा. मी रविवारी खाली उतरवून पुसून ठेवलाय. आता सरळ प्लग लावून बटण दाबू का? का आधी काही बघायचं असतं?

रिकामटेकडा
दाबा की. फार तर काय होईल, धूर येईल :)

सोल्डरसम्राट
फणसगरा, थांबा!! बटणाला हात लावू नका. आधी झाकण उघडा आणि मदरबोर्डवर की-बोर्डच्या सॉकेटच्या आसपास निळं किंवा हिरवं, बोटाच्या पेराएवढं पिंप दिसतंय का बघा. ती ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी. त्या काळच्या बहुतेक ४८६ बोर्डांवर असायची आणि पडून राहिली की हमखास फुटते, आतला अल्कली बाहेर येऊन तांब्याच्या रेघा खात जातो. बुरशीसारखं हिरवं-निळं काही दिसलं तर फोटो टाका. दिसो न दिसो, ती बॅटरी कापून काढायची. आजच.

खोचकपंत
मला एक कळत नाही, गाणीच हवीत ना? मग हार्डडिस्क काढा, यूएसबी अडॅप्टरला लावा, कॉपी करा आणि बाकीचं ई-कचऱ्यात द्या. तुमच्या खिशातला फोन त्याच्यापेक्षा कितीतरी पटीने ताकदवान आहे. भावनेच्या भरात पत्रा सांभाळायचा आणि वर आईचं टेबल अडवायचं.

वायरमन
पंतांशी अर्धा सहमत, पण अर्धाच. सम्राटांनी बॅटरीचं सांगितलं, मी विजेचं सांगतो. हे जुन्या पद्धतीचं एटी कॅबिनेट आहे, आताचं एटीएक्स नाही. आताच्या कॉम्प्युटरचं बटण नुसता इशारा देतं, एटीच्या पुढच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्ट येतात. चार जाड वायरी असतात: तपकिरी, निळी, काळी, पांढरी. झाकण उघडं ठेवून प्लग लावलेला असताना तिकडे बोट नको. वीस वर्षांत त्यांचं इन्सुलेशन कडक होऊन तडकलेलं असू शकतं.

दुसरं, घरात अर्थिंग नीट आहे का बघा. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या (आतला वीज पुरवणारा डबा) फिल्टरमुळे पत्र्याला झिणझिण्या येतात. लहानपणी सगळ्यांनी खाल्ल्यात आणि 'स्टॅटिक आहे' म्हणून सोडून दिलंय. ते स्टॅटिक नसतं.

आणि पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब लावा. टीव्हीवाले वापरतात तोच, लाईनमध्ये १०० वॉटचा साधा पिवळा बल्ब (एलईडी चालणार नाही). क्षणभर भक्कन पेटून मंद झाला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा.

फणसगरा
बापरे, बरं झालं विचारलं. उघडला. एक पाल (वाळलेली), मुंग्यांचं वारूळ म्हणावं इतकी माती, आणि हो, ते निळं पिंप आहे. त्याच्याभोवती साधारण एक रुपयाच्या नाण्याएवढा भाग हिरवट झालाय, की-बोर्डच्या सॉकेटच्या पायांपर्यंत.

मिनी_मावशी
बाकड्यावर बसून वाचतेय. पाल कुठे होती हो, एसएमपीएसमध्ये का?

फणसगरा
हो मावशी, पंख्याच्या मागे.

मिनी_मावशी
मग आमच्याच ऑफिसातली असणार ;)

सोल्डरसम्राट
नाण्याएवढंच असेल तर नशीबवान आहात. आता असं करा. बॅटरी कटरने पाय तोडून काढा. हातमोजे घाला. जुन्या टूथब्रशवर साधं पांढरं व्हिनेगर घेऊन फक्त हिरव्या भागावर हलकं घासा. अल्कली आहे त्यामुळे आम्लाने मरतो, किंचित फेस येईल. पाच मिनिटांपेक्षा जास्त राहू देऊ नका. मग डिस्टिल्ड वॉटरने दोनदा पुसा (इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच), मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. दोन दिवस पंख्याखाली वाळवा. मल्टिमीटर असेल तर की-बोर्ड सॉकेटपासून निघणाऱ्या रेघा तुटल्यात का तपासा.

रिकामटेकडा
लिंबू चालेल का? घरी व्हिनेगर नसतं सगळ्यांच्या.

सोल्डरसम्राट
चालेल पण चिकट राहतं, नंतर जास्त धुवावं लागेल. कॉलिन मात्र नको, एकाने मागे विचारलं होतं म्हणून आधीच सांगतो. आणि ब्लोअरने माती उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, भन्नाट फिरवून मजा घेऊ नका, बेअरिंग जातं.

अटलांटिकपार
वायरमन यांनी विजेचा विषय काढला म्हणून माझा किस्सा. १९९८ साली न्यू जर्सीहून ठाण्याला परत जाताना हौसेने आख्खा पेंटियम बोटीने पाठवला होता. घरी पोचल्यावर सगळं खानदान जमलं, आत्याने हळदकुंकू वाहिलं, मी बटण दाबलं आणि दिवाळी. एसएमपीएसच्या मागे लाल खटका असतो, ११५/२३०, तो ११५ वरच होता. ११५ वर ठेवला की आत व्होल्टेज दुप्पट करणारी जोडणी असते, तिला २३० दिलं की आतले मोठे कॅपॅसिटर फुटणारच. आत्या अजून म्हणते की कुंकू मी मॉनिटरला लावलं, डब्याला लावायचं राहिलं.
फणसगरा, तुमचा भारतातच घेतलाय म्हणजे २३० वर असेल, तरी बघा.

खोचकपंत
म्हणजे चालू करायच्या आधी पूजा, सिरीज बल्ब, व्हिनेगर, पाल, अर्थिंग. आणि मी म्हणतो ते दोनशे-पाचशे रुपयांचं अडॅप्टर. चालू द्या.

फणसगरा
पंत, तुमचाही सल्ला ऐकला. डिस्क काढून गावातल्या एका दुकानात नेली. त्याने यूएसबी अडॅप्टरला लावली, फिरल्याचा आवाज आला पण लॅपटॉपवर काहीच दिसेना. तो म्हणाला डिस्क मेलीये, रिकव्हरीला मुंबईला पाठवावी लागेल, २५ हजार तरी धरून चाला. आईला आकडा सांगितला नाही अजून.

नीलाक्षी
फणसगरा, कृपया एक रुपयाही देऊ नका! डिस्क फिरतेय, खडखड नाहीये, म्हणजे बहुतेक धडधाकट आहे. इतक्या जुन्या डिस्क बऱ्याच यूएसबी अडॅप्टरना ओळखता येत नाहीत. हल्लीची अडॅप्टरं डिस्कशी एलबीए पद्धतीने बोलतात, म्हणजे सेक्टरला सरळ एक नंबर. त्या काळच्या अनेक छोट्या डिस्कना फक्त सिलिंडर-हेड-सेक्टर हीच भाषा कळते. दोघं एकमेकांसमोर गप्प बसून राहतात. (आमच्याकडे दोन जावा आहेत तशा.)
तेव्हा पंतांचा सोपा मार्ग इथे बंद. त्या डिस्कशी बोलायला त्याच काळचं मशीन लागणार, आणि ते तुमच्याकडे आहे.

खोचकपंत
हे माहीत नव्हतं. पत्रा ठेवा मग, तूर्तास.

वायरमन
पंतांनी माघार घेतली!! स्क्रीनशॉट काढून ठेवा रे कोणीतरी.

मिनी_मावशी
मी सोळा वर्षं सदाशिव पेठेत डीटीपी केलंय, त्यामुळे मराठी फायलींबद्दल थोडं. लोक सगळ्या जुन्या मराठीला 'श्रीलिपीची फाईल' म्हणतात पण दोन वेगळ्या जाती आहेत. एक, विंडोजवरचे फॉन्ट, श्रीलिपी, आकृती, सीडॅकचे सुरेख-योगेश वगैरे. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवलेले असत, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप केलेली, रफार अक्षराच्या नंतर, म्हणजे जसं दिसतं तसं. तो फॉन्ट नसला की सगळा गिचमिडा. आणि प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा.
दुसरी जात जिस्ट कार्डची. ते कार्ड पडद्यावर देवनागरी काढायचं, पण फाईलमध्ये इस्की हा प्रमाण संकेत साठवायचं. त्यात अक्षरं उच्चाराच्या क्रमाने असतात, त्यामुळे युनिकोडमध्ये आणणं तुलनेने सोपं. म्हणजे तुमच्या बाबांनी ९५ साली नकळत शहाणपणा केलाय. माझं स्वतःचं ९८ ते २००५ मधलं काम आज मलाच वाचता येत नाही, ते जाऊ दे.

रिकामटेकडा
अवांतर: कोणाच्या कॅबिनेटवर तो हिरवा आकडा होता का, ३३ आणि टर्बो दाबलं की ६६? मी तासनतास दाबत बसायचो.

सोल्डरसम्राट
तुमचं बालपण मोडतो, माफ करा. तो आकडा वेग मोजत नसे. मागे छोटे जंपर असत, तंत्रज्ञ त्यावर जो आकडा लावेल तो दिसायचा. मी एका गिऱ्हाइकाला ९९ लावून दिला होता, तो पेढे घेऊन आला.

रिकामटेकडा
:( :( मी धागा सोडतोय.

नीलाक्षी
पिवळा पडलेला डबा पांढरा करायचा असेल तर: हायड्रोजन पेरॉक्साईड आणि ऊन. केसांना लावायचं १२ टक्क्यांचं क्रीम मिळतं, ते फासून वर प्लॅस्टिक गुंडाळायचं आणि गच्चीवर ठेवायचं. मी मागच्या मे महिन्यात की-बोर्डच्या कळा आणि मॉनिटरचा पुढचा भाग ठेवला होता, शेजारी सासूबाईंच्या कुरडया. दर तासाला फिरवायला लागतं नाहीतर पट्टे उठतात. कुरडया नव्हेत, प्लॅस्टिक. सासूबाईंनी मात्र दोन्ही फिरवलं इमानदारीत.

सोल्डरसम्राट
माझा याला विरोध आहे. दोन-तीन वर्षांत पुन्हा पिवळं पडतं, आणि प्लॅस्टिक ठिसूळ होतं असा माझा अनुभव. ३० वर्षांच्या माणसाला पिवळेपणा शोभतो.

नीलाक्षी
तीस वर्षांच्या माणसाला नाही शोभत हो :)

फणसगरा
प्रगती. व्हिनेगरने स्वच्छ झालं, दोन रेघा तुटल्या होत्या त्या शेजारच्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांनी केसासारख्या वायरने जोडल्या, पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. एसएमपीएस त्यांच्याकडूनच तपासून घेतला. सिरीज बल्ब भक्कन पेटला आणि मंद झाला, मग थेट लावलं. आता फक्त लांब लांब बीप, पडदा काळा.

वायरमन
रॅम काढा, खोडरबराने घासा, परत बसवा.

रिकामटेकडा
(परत आलो) रॅम. खोडरबर. यापलीकडे शास्त्र नाही.

सोल्डरसम्राट
हसू नका, बरोबर आहे ते. पांढरं मऊ खोडरबर घ्या, शाईचं खरखरीत नको, आणि भुगा आत पडू देऊ नका. जिस्ट कार्ड आणि बाकीची कार्डंही तशीच घासून बसवा. कोकणातल्या हवेत तीस वर्षं म्हणजे सगळ्या संपर्कांवर थर बसलेला असणार.

फणसगरा
घासलं आणि आलं!!! पडद्यावर ८ एमबी मोजलं, टिकटिक टिकटिक. अंगावर काटा. आई पण बघायला आली. पण पुढे लिहून आलं की की-बोर्ड लॉक आहे, अनलॉक करा. कळा दाबून काही होत नाही. की-बोर्ड गेला का?

अटलांटिकपार
हाहाहा. कॅबिनेटच्या पुढे गोल किल्लीचं कुलूप आहे ना?

फणसगरा
आहे. बाबांना विचारलं. ते चहा पिता पिता म्हणाले, "तुझी दहावी होती तेव्हा मी लॉक करायचो, तू तो डेव्हचा गेम खेळत बसायचास." बरोबर आहे, ९७ साल. मग २००४ ला शेवटचं वापरून सवयीने लॉक केलं असणार. किल्ली कुठेय विचारलं तर म्हणे तेव्हा तुला सापडू नये म्हणून ठेवली होती, आता मलाच आठवत नाही.

नीलाक्षी
बाबा _/\_

सोल्डरसम्राट
किल्ली लागणारच नाही. कुलपापासून दोन बारीक वायरी मदरबोर्डवर जातात, तिथे इंग्रजीत की-लॉक लिहिलेलं असेल (कधीकधी पॉवरच्या दिव्याच्याच पाच पिनांच्या कनेक्टरमध्ये असतं). बंद करून तो कनेक्टर उपटा. कुलूप म्हणजे नुसता एक स्विच आहे.

फणसगरा
म्हणजे दहावीत मला हे माहीत असतं तर...

खोचकपंत
तर तुम्ही अजून दहावीतच असता.

फणसगरा
:D कनेक्टर काढला, की-बोर्ड चालतोय. पण आता म्हणतोय हार्डडिस्क नाही. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) गेलो तर तारीख १९८०, आणि डिस्कच्या जागी काहीच नाही. दुकानवाला खरं बोलत होता का?

नीलाक्षी
नाही नाही. बॅटरी गेली की बायोस सगळं विसरतो, डिस्कची मापंसुद्धा. तेव्हा ती हाताने भरावी लागत. डिस्कच्या वरच्या लेबलवर सिलिंडर, हेड, सेक्टर असे तीन आकडे असतील. बायोसमध्ये डिस्कचा प्रकार ४७ किंवा 'युजर' निवडा आणि तेच आकडे भरा. 'ऑटो डिटेक्ट' असेल तर ते चालवा, पण लेबलशी ताडून बघा. चुकीची मापं भरून चालू झाली तर वाचेल काहीतरी भलतंच, आणि त्यावर काही लिहिलं गेलं तर वाट लागेल. सी प्रॉम्प्ट आला की नुसतं डीआयआर करा (फायलींची यादी दिसते), दुसरं काही नाही.

फणसगरा
लेबल कॉनरचं आहे. ८२६, १६, ६३.

नीलाक्षी
८२६ × १६ × ६३ = ८,३२,६०८ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाईट, म्हणजे साधारण ४२६ एमबी. जुळतंय. भरा बिनधास्त. (त्या बायोसची कमाल मर्यादा १०२४ × १६ × ६३, म्हणजे ५२८ एमबी, म्हणून पुढे मोठी डिस्क लावायचं डोक्यात घेऊ नका.)

फणसगरा
आलं. आलं आलं आलं.

मिनी_मावशी
काय आलं ते तरी सांगा!

वायरमन
तो नाचत असेल, थांबा जरा. जाखडीच.

फणसगरा
सॉरी, सगळे बघायला जमले होते. सी प्रॉम्प्ट आला, बाबांनी मला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसले. २० वर्षांनी, चष्मा कपाळावर, सरळ जिस्टची कमांड मारली. मला माहीतही नव्हती. पडद्यावर मराठी. एका फोल्डरमध्ये ६१ फायली. पहिलीच उघडली ती निघाली आमच्या सोसायटीची १९९६ ची थकबाकी यादी. बाबा दोन नावं वाचून म्हणाले यांनी अजून दिलेले नाहीत.
दुसरी फाईल गाण्याची. गणेशवंदना, मग गवळण. बाबा चालीवर म्हणायला लागले, मधेच आईने शब्द सुधारला, मग दोघांचा वाद. मी बाहेर येऊन हे लिहितोय.

खोचकपंत
अभिनंदन. मनापासून. आता कृपया कॉपी आधी, गाणी नंतर.

नीलाक्षी
पंतांना अनुमोदन. डिस्क अजून किती दिवसांची सोबती माहीत नाही. फ्लॉपीवर विसंबू नका, पावसाळ्यात बुरशी धरलेली फ्लॉपी घातली तर ड्राईव्हचं हेडही घाण होतं. कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आणि आयडीई अडॅप्टर घ्या, त्याच केबलवर दुसरी डिस्क म्हणून स्लेव्ह लावा, कार्डावर ५०० एमबीच्या आतलं एकच पार्टिशन करा, आणि एक्सकॉपी /एस. मग ते कार्ड साध्या रीडरने लॅपटॉपवर वाचता येतं. पार्टिशन करताना फक्त दहादा बघा की कुठल्या डिस्कवर करताय.

रिकामटेकडा
अडॅप्टर लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारा. जुन्या बाजारातही नशीब काढून बघा, बुधवारी आणि रविवारी.

सोल्डरसम्राट
आणि आता चालू झालाच आहे तर सांभाळायचं. कापलेल्या बॅटरीच्या जागी थेट बटण-सेल लावू नका, ते सर्किट त्याला चार्ज करायला जाईल. बोर्डावर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांची जागा असते, तिथे तीन पेन्सिल सेलचा होल्डर, आणि तो बोर्डापासून लांब, कॅबिनेटच्या तळाशी. फुटला तरी तिथेच फुटेल. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवा, आतला दमटपणा जातो. गरम असताना प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम धरतो. मॉनिटर मात्र स्वतः उघडायचा नाही, आत हजारो व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही काही काळ राहतात. तो टीव्हीवाल्या काकांचा प्रांत.

फणसगरा
(तीन आठवड्यांनी) कार्ड लावलं, ६१ च्या ६१ फायली कॉपी झाल्या. मिनी मावशींनी त्यातल्या १० युनिकोडमध्ये आणून पाठवल्यासुद्धा, मावशी तुमचे आभार कसे मानू. दोन फायलींत शेवटी गिचमिडा आहे, बाकी शाबूत. डबा पिवळाच ठेवलाय, सम्राट जिंकले. आईला नवीन टेबल घेतलं.

एकच प्रश्न राहिला. ते की-लॉकचं कनेक्टर परत लावायचं तर त्याला दिशा असते का? आणि तसल्या गोल किल्ल्या कुठे मिळतात? बाबांना हवीये. माझा मुलगा दिवसभर डेव्ह खेळत बसतो आणि त्यांना टायपिंगला मशीन मिळत नाही.

सोल्डरसम्राट
दोन वायरींचं असेल तर दिशा नसते, कसंही लावा. किल्ली देवघराच्या खणात बघा, घंटेच्या मागे.

फणसगरा
सम्राट, तुम्ही माणूस आहात का कोण! घंटेच्या मागे नाही, कापराच्या डबीत होती.